कमी दाबाचा पट्टा

"अरबी समुद्राच्या दक्षिण भागात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला आहे..."

रेडिओवरच्या त्या बाईचा आवाज नर्मदाबाईंच्या कानात अजून तसाच होता. लेक अभिमन पहिल्यांदा जहाजावर गेला, त्या वर्षीचा. गिरणीच्या फळीवर रेडिओ लागला होता. आवाज ऐकून त्यांच्या नवऱ्याने, पितांबरभाऊंनी, दळण थांबवलं आणि ते पिठाने पांढऱ्या झालेल्या मिशांतून हसले.

"आयकं का वं? तठे पट्टावर दाब कमी शे. मजा शे आपला पोऱ्यानी!"

सारा जन्म सोनगीरच्या त्या पिठाच्या गिरणीत गेलेला माणूस. त्यांना पट्टा ठाऊक तो मोटारीपासून जात्यापर्यंत धावणारा, आणि दाब ठाऊक तो जात्याच्या दगडांचा. दाब जास्त झाला की मोटार कण्हते, पट्टा जळल्याचा वास सुटतो. दाब कमी असला की गिरणी कशी भिरभिर फिरते! समुद्राचंही तसंच असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

अभिमन धुळ्याला आयटीआय शिकून जहाजाच्या इंजिनावर लागला होता. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा चुलीपुढे बसून त्याने आईला खरं ते सांगितलं.

"माय, कमी दाब म्हंजे वादयनं बी. चारीमेरथीन वारा धावस, पानी उभं राहस. पन आबाले नको सांगू. कितला खूश व्हतस ते!"

नर्मदाबाईंनी नवऱ्यापुढे वादळाचं नाव काढलं नाही. दर पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दर दिवाळीच्या आगेमागे रेडिओ तेच बोलायचा, भाऊ गिऱ्हाइकांना गूळ वाटायचे, आणि त्या मागच्या दारी जाऊन सुपात धान्य घोळत बसायच्या. ओठांतल्या ओठांत लेकासाठी गुणगुणायच्या,

"वारा भाऊ, वारा भाऊ, हळू चाल पानीवर,
मना आंडोर निजना काया जहाजनावर."

यंदा दिवाळी झाली आणि रेडिओचा सूरच बदलला. कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला. समुद्र खवळलेला राहील. मच्छीमारांनी बाहेर जाऊ नये. अभिमनचं जहाज त्याच पाण्यातून कोलंबोला निघालेलं. तिथे पोचला की तो सुरेशचंद शेठच्या दुकानात फोन करणार होता. कंपनीला जबाब द्यायचा होता त्याला: करार संपला, घरी यायचं की आणखी दोन वर्षांची सही करायची? आबा म्हणतील तसं करतो, असं त्याने कळवलं होतं.

आबांचं ठरलेलं होतं.

"आठे काय शे? धूळ खावानी नि खोकानं. तठे गार वारा, कमी दाब. करू दे सही."

"आन समुद्र खवळना म्हने ते?" नर्मदाबाईंनी भीत भीत विचारलं.

"ते मच्छीवालासले सांगतस वं! त्यासन्या होड्या त्या कितल्या. आपलं जहाज लोखंडनं शे. तू भाकर खाय आधी. कालदिनपासून उपाशी फिरस, कोनता उपास काढा आखो?"

फोनचा दिवस उजाडला, दुपार कलली, फोन नाही. दोघं दुकानाच्या पायरीवर बसून होती. शेठने चहा सांगितला. त्यालाही वर्तमानपत्रातून वादळाचं सगळं कळलेलं होतं. तो भाऊंकडे बघेना, तराजू उगाच पुसत राहिला.

"लाइन खराब होगी, काकी," तो हळूच म्हणाला. "येईल फोन. तुम्ही काळजी करू नका."

"ती कसानी काळजी करी?" भाऊ हसले. "तठे तर दाब कमी शे!"

शेठने मान फिरवली. नर्मदाबाईंनी चहा तसाच खाली ठेवला.

आणि घंटी वाजली.

शेठने धावून रिसीव्हर उचलला. "अभिमन? अरे बोल, बोल! आबा इथंच आहेत."

नर्मदाबाईंनी पदर तोंडात धरला. जिवंत होता. बोलत होता. भाऊंनी दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाला लावला आणि ओरडले, "काय रे, मजा शे ना? कमी दाब व्हता ना तठे?"

पलीकडून खरखरीतून हसू आलं. दमलेलं. घोगरं. "हो आबा. भलता कमी व्हता."

"मंग कर सही! आखो दोन वरीस..."

"नको!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. नर्मदाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"नको करू म्हनावं सही. कमी दाब म्हंजे वादय ऱ्हास हो. तो वादयमाथीन निंघीसन बोली ऱ्हायना. माले पहिला सुट्टीपासून माहीत शे. तुम्ही खूश व्हयेत, म्हनीसन नही सांगं."

भाऊंनी मान वळवून पाहिलं. बायकोकडे, मग शेठकडे. शेठने डोळे खाली केले. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. भाऊंच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. रिसीव्हरमधून 'आबा? आबा?' ऐकू येत होतं.

त्यांनी तो पुन्हा कानाला लावला. या वेळी ते ओरडले नाहीत. पोरगा बाजूलाच बसल्यासारखं बोलले.

"अभिमन, घर ये. तू गया तैपासून माले करमत नही रे."