लाग्राइन आंबायच्या दिवसांत

ऑक्टोबर लागला की तळघरात मेणबत्ती घेऊनच उतरायचं, असं घरमालक हेर गासरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. श्रीरंगला वाटलं, खाली दिवा नाही म्हणून सांगताहेत. वसुधा साडी नेसून तो अरुंद जिना उतरायची. एका हातात कोळशाची बादली, दुसऱ्या हातात पेटती मेणबत्ती आणि पदर सुटलेला. पदर पेटेल या धास्तीने श्रीरंगचा जीव अर्धा व्हायचा. शेवटी त्याने तिला एक चांगली बॅटरी आणून दिली.

साल अठ्ठावन्न. श्रीरंग स्टुटगार्टला इंजिनांवर डॉक्टरेट करत होता. लग्नाला वर्ष होत होतं. वसुधा येऊन चारच महिने झाले होते, आणि टेकडीवरच्या गासरांच्या घरात खालच्या दोन खोल्या त्यांच्याकडे होत्या. म्हातारा मूळचा दक्षिण टिरोलचा, बोझेनजवळचा. तो मुलूख आता इटलीत. युद्धाच्या वेळी घरदार सोडून तो इकडे आला, पण द्राक्षं सुटली नाहीत. दर शरदात भाऊ रेल्वेने पेट्या पाठवायचा आणि गासर ती द्राक्षं चिरडून तळघरातल्या लाकडी पिंपांत आंबायला ठेवायचे.

त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर गासर गेल्या वर्षीची बाटली घेऊन स्वयंपाकघरात आले. श्रीरंग पीत नसे. म्हाताऱ्याचं मन राखायला नुसते ओठ ओले करायचा. वसुधा बटाटे आणि कोळसा आणायला खाली गेली.

"ही लाग्राइन द्राक्षाची," गासर पेला उजेडात धरून म्हणाले. "काळी, तापट. नदीकाठच्या गोट्यांत वाढते. फेरनाच तिच्या उलट. फिकट, गरीब स्वभावाची. इथे टेकडीवर हे लोक ट्रोलिंगर म्हणून मिरवतात ना, ती आमची फेरनाचच! डोंगर ओलांडून आली आणि या इथल्या श्वाब लोकांनी तिचं नाव बदललं."

"आमच्याकडे मुलींचं बदलतात," श्रीरंग हसून म्हणाला. "लग्नात. तांदळात नवं नाव लिहितात."

"तुमच्या बायकोचंही?"

"हो. माहेरी ती कुसुम."

"जुन्या नावाने हाक मारली तर ओ देते का?"

"मी कधी मारली नाही."

खालून वसुधाचा आवाज येत होता. तिला अंधाराची भीती वाटायची, आणि भीती वाटली की ती मोठ्याने पाढे म्हणायची. सांगलीच्या शाळेत तिसरीच्या मुलांकडून तिने तेच पाढे घोटून घेतले होते.

"तुमची बायको माझ्या पिंपांना गाणं म्हणतेय," गासर म्हणाले. "म्हणू दे. आठवडाभर नुसती उकळताहेत. फक्त तो वायू वाईट. आंबताना निघतो आणि पाण्यासारखा खाली साचतो. दिसत नाही. त्यात उभा माणूस बसतो आणि बसलेला झोपतो. म्हणून तर मेणबत्ती. विझली की मागे फिरायचं."

श्रीरंगने मान वळवली. जिन्याच्या दाराशी खिळ्याला मेणबत्ती टांगलेली होती. तिची वात आज कुणी पेटवलीच नव्हती.

तो उठला तेव्हा खुर्ची मागे पडली.

"अहो, बसा. गातेय ना? गातेय म्हणजे ठीक आहे."

श्रीरंगने कान दिला. "एकोणीस दुणे अडतीस… एकोणीस त्रिक सत्तावन्न… एकोणीस चोक… चोक सत्तावन्न… एकोणीस दुणे… सत्तावन्न…"

झोपेतून उठवून विचारलं तरी वसुधा पाढ्यात चुकत नसे.

"चुकतेय ती!" तो ओरडला. "आकडे चुकतेय! तिच्याकडे मेणबत्ती नाही!"

गासरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि दोघे जिना उतरले. खालच्या पायऱ्यांशी ज्योत बारीक झाली, वाकली आणि विझली. श्रीरंग पुढे झेपावला तसं म्हाताऱ्याने त्याला मागून दंडाला धरलं.

"मूर्खा, थांब! एक पडतो, दुसरा त्याला आणायला जातो आणि दोघंही तिथेच राहतात. आमच्या गावात बाप-लेक असे गेले. तू तिला इथून हाक मार. मी बाहेरून कोळसा टाकायचं दार उघडतो, हवा आत येईल."

ते धापा टाकत वर गेले. श्रीरंग एकटा उरला.

बॅटरी जमिनीवर पडून लख्ख जळत होती. तिच्या उजेडात वसुधा बटाट्यांच्या पोत्यावर बसलेली दिसत होती. हात मांडीवर होते आणि ओठ हलत होते, पण आता आवाज निघत नव्हता.

"वसुधा! वर ये!"

तिने मानही वळवली नाही.

"वसुधा! अगं, वसुधा!"

जणू दुसऱ्याच कुणाला हाक मारत होता तो. हिला असंच बसलेलं बघत आपण इथे उभे राहणार, आणि मग ती आडवी होणार, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं. सांगलीला तिच्या आईला काय सांगायचं? आई तिला काय म्हणते?

"कुसुम!" तो किंचाळला. "कुसुम, ऊठ गं!"

वसुधाने मान वर केली. "आले," ती म्हणाली. लहान मुलीसारखी उठली, आवाजाच्या रोखाने अडखळत चालत आली आणि पहिल्या पायरीवर कोसळली. श्रीरंगने श्वास कोंडला, खाली वाकला, हाताला आला तो दंड आणि पदर धरला आणि तिला ओढत वर आणलं.

अंगणातल्या गवतावर ती ओकली. मग बराच वेळ डोकं धरून बसली. गासर पाणी घेऊन आले.

"एकोणीस चोक?" श्रीरंगने विचारलं.

"काय?"

"एकोणीस चोक किती?"

"शहात्तर."

"पाचे?"

"पंच्याण्णव. अहो, मी काय शाळेत बसलेय? कोळसा राहिला तसाच."

कोळशाच्या उघड्या दारातून तळघर दिसत होतं. बॅटरी अजून तिथेच जळत होती. श्रीरंगने तिच्याकडे पाठ केली.

"परत पहिल्यापासून म्हण," तो म्हणाला.

"मगाशी आई आली होती का हो? मला हाक ऐकू आली."

"म्हण ना. एकोणीस एके?"

"म्हणते. आधी पदर तर सोडा."

त्याने सोडायला पाहिलं, पण बोटं उघडेनात.