घरी न्यायचं चित्र

रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये सुई टोचताना तिचा हात इतका हलका, की लोक तिच्याच खुर्चीसाठी थांबून राहायचे. ती बाई हळूहळू अंथरुणाला खिळली. दुखत काही नव्हतं, नुसतं उठवत नव्हतं. मग एका दुपारी तिने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या घेतल्या. वेळेत कळलं म्हणून वाचली. तेव्हापासून घरचे तिला डोळ्यांत तेल घालून जपू लागले आणि तिचा जीव आणखीच गुदमरायला लागला.

डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला तिला दवाखान्यातल्या चित्रांच्या वर्गात घातलं. तळमजल्यावरची लांबट खोली, रंगांनी बरबटलेली टेबलं. वर्ग घेणारी बाई चित्रांतून उपचार करणारी होती, चित्र चांगलं की वाईट यावर चकार शब्द काढत नसे. सगळे तिला रंगताई म्हणत.

पहिल्या दिवशी हिने कागदभर काळा रंग फासला आणि तो घरी नेला. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, स्वभावाने लोण्यासारखा मऊ. कागद बघून त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेलाच नाही, सावलीसारखा तिच्या मागेमागे राहिला. पुढच्या वेळी तिने सूर्यफुलं काढली. त्याने ती फ्रिजवर लावली, फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. नणंदेने लगेच कौतुक केलं, सासूबाईंनी गोडाचं केलं. पिवळा वापरला की घर शांत झोपतं, एवढं तिला कळून चुकलं. मग ती पिवळंच रंगवत राहिली. लॅबमध्ये बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवाव्यात, तसं ते काम.

रंगताईच्या नजरेतून ते सुटलं नाही. एकदा शेजारी खुर्ची ओढून तिने विचारलं, ही फुलं कोणासाठी?

"घरच्यांसाठी," ती बोलून गेली.

रंगताईने नवा कागद पुढे सरकवला. "मग हा तुमच्यासाठी. हा इथंच राहील. हवं तर मलाही दाखवू नका."

तिने कोळसा उचलला. घरातलं न्हाणीघर काढलं, आतून. कडी काढून टाकलेली, तिच्या जागी स्क्रूची भोकं. दाराखालच्या फटीतून दिसणारे, बाहेर स्टुलावर बसलेल्या सासूबाईंचे पाय. ती अंघोळीला गेली की त्या तिथं बसून भाजीच्या भावापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत बोलत राहायच्या. हिने आतून हुं म्हणायचं. हुं थांबलं की दार ढकललं जायचं. तिने पायांवरच्या शिरासुद्धा काढल्या. शिरा काढण्यात तिचा हात चुकणं शक्यच नव्हतं.

नवरा त्या दिवशी न्यायला लवकर आला. त्याने कागद मागितला. रंगताई मध्ये आली, हे चित्र दाखवायचं की नाही ते त्याच ठरवतील, म्हणाली.

"मी नवरा आहे तिचा," तो हळूच म्हणाला.

"बघू दे त्याला," ती म्हणाली.

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हे आईचे पाय."

"हो."

"काळजीपोटीच बसते गं ती."

"माहीत आहे. म्हणून तर तोंड उघडता येत नाही."

"आणि ती फुलं?"

"तुला झोप लागावी म्हणून."

"मला तुझी भीती वाटते," इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने सांगितलं.

"मलाही माझी वाटते," ती म्हणाली.

डॉक्टरांशी बोलून त्याने बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवली. सासूबाई रुसल्या. माझं मेलीचं बोलणंच जड झालं, म्हणाल्या आणि स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं. आता तिथून हाका मारतात. लॅबमध्ये परत जाण्याचा विषय अजून कोणी काढत नाही, तीही नाही.

पुढच्या वर्गाला मी एकटीच जाईन, असं तिने सांगितलं तेव्हा नवऱ्याने मान डोलावली. त्या दिवशी वळणावरच्या दुकानाच्या काचेत तिला तो दिसला, बराच मागे, भिंतीच्या कडेकडेने चाललेला. तिने मागे वळून पाहिलं नाही. फक्त पावलं थोडी हळू केली, त्याला धाप लागू नये म्हणून.