जाड्याचा नेम

या घरात वाद कधी तोंडाने मिटत नसत. वाळत घातलेले कपडे कोणी काढायचे, वरची खिडकीची खोली कोणाला मिळणार, बारक्याने शिकायला लांब जायचं की नाही, सगळं खाली बाबा चालवत त्या हॉलमधल्या पूलच्या टेबलावर ठरायचं. एकच डाव, एक बाहेरचा साक्षीदार, आणि हरलेल्याने तो विषय पुन्हा काढायचा नाही. कायदा बाबांचा. आई कपाळाला हात लावायची, पण एकदा नव्या पडद्यांसाठी तीही खेळली होती आणि चक्क जिंकली होती.

आज दुपारी शटर अर्धं ओढून ताई आणि बारक्या टेबलाशी उभे राहिले ते बाबांवरून. बारक्या जिंकला तर उद्या सकाळी तो बाबांना वृद्धाश्रमात नेणार. तिथे एक खाट रिकामी झाली होती, ती काही कोणाची वाट बघत बसणार नव्हती. ताई जिंकली तर बाबा इथेच राहणार, तिच्याजवळ. बाबा भिंतीला टेकून खुर्चीत बसले होते. स्वेटरचं एक बटण ते लावत होते, काढत होते आणि पुन्हा लावत होते. डाव आपल्यावरून चाललाय हे त्यांच्या गावीही नव्हतं. साक्षीला शेजारचा वेल्डर बोलावला होता. तो बाबांच्याच हाताखाली खेळायला शिकलेला, त्यामुळे दोघांकडेही बघायचं टाळत होता.

बारक्या आता फक्त नावाचा बारक्या. पोट शर्टाच्या बटणांशी भांडत होतं. मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबात तो स्पर्धा खेळायचा, कप आणायचा. "पुढच्या वेळी कप घेऊनच ये, चहा त्यातच देते," असं ताई त्याला फोनवर चिडवायची. हे चिडवणं अलीकडे बंद पडलं होतं, कारण अलीकडे फोनवर दुसरं काही बोलणंच होत नसे. बाबांनी रात्री दार उघडलं, बाबांनी गॅस चालू ठेवला, बाबा मला चोर समजून ओरडले. तो गप्प ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "ताई, हे तुझ्याने होणार नाही." आणि ती म्हणायची, "माझं मी बघते."

"फोड तूच," बारक्या म्हणाला.

"पाहुणा तू. तूच फोड."

त्याने फोडला. रंगीत बॉल पांगले, एक आत गेला, आणि पुढच्याच सोप्या बॉलला त्याने मार खाल्ला. बॉल पॉकेटच्या ओठाला लागून परत आला. त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच झालं. वेल्डर खाली बघून हसला. क्लबात शिकलेल्या माणसाचं इथे हमखास हेच व्हायचं.

टेबल जुनं होतं, नाणं टाकल्यावर बॉल सोडणारं. आत गेलेले रंगीत बॉल पोटात अडकून राहायचे, पण पांढरा चुकून आत गेला तर तो परत द्यायलाच हवा. तो नेमका ओळखता यावा म्हणून पांढरा बाकीच्यांपेक्षा मोठा आणि जड होता. बाबा त्याला जाड्या म्हणायचे. हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाकडून त्यांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती: "जाड्या पोटाने आधी पोचतो. तुम्ही ठरवलेल्या जागेच्या अलीकडेच त्याची टक्कर होते, म्हणून बॉलला जाड, म्हणजे जास्त मधोमध लागतो. तुम्हाला वाटतं त्याहून थोडा बारीक कट घ्या, बॉलच्या कडेकडे. आणि टक्कर झाली की तो थांबेल अशी आशा ठेवू नका. जड माणूस आहे, पुढे चालत राहतो." ऐकणारे हसायचे, मग नेम चुकायचा, मग पुन्हा ऐकायचे.

ताईला हे घोकावं लागलं नव्हतं. हात टेबलापर्यंत पोचत नव्हता तेव्हा बाबा तिला लाकडी खोक्यावर उभं करायचे. बारीक कट म्हणजे किती बारीक, हे तिच्या डोळ्यांना न विचारता कळायचं. तिने ओळीने चार बॉल घातले. प्रत्येक वेळी जाड्या पुढे गेला आणि तिला हवा होता तिथेच जाऊन उभा राहिला. बारक्याने काठीला खडू लावला, लावतच राहिला.

"मी विसरलो होतो," तो म्हणाला.

"आठवेल."

आठवलं त्याला. पुढच्या पाळीला त्याने नेम बारीक केला आणि दोन बॉल स्वच्छ गेले. तिसऱ्याला तो वाकून बराच वेळ थांबला, मनातल्या मनात नेम जरा सरकवला आणि तोही घातला. ताईला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी दोघं एका टेबलावर होते आणि तो पुन्हा घरच्यासारखा खेळत होता. डाव कशावरून चाललाय हे लगेच आठवलं आणि ते बरं वाटणं विरून गेलं.

"आई कुठाय?" बाबांनी विचारलं.

"बाजारात गेलीय," ताई वळून न बघता म्हणाली. आईला जाऊन किती तरी वर्षं झाली होती. पूर्वी ती खरं सांगायची आणि बाबा दर वेळी नव्याने रडायचे, म्हणून तिने खरं सांगणं सोडलं.

डाव संपत आला. बारक्याचा एक बॉल उरला, तो चुकला. ताईचे सगळे गेले होते, राहिला फक्त काळा. काळा पॉकेटपासून वीतभर लांब, जाड्या त्याच्या मागे, तिन्ही एका रेषेत. काळा गेला की ती जिंकली. काळ्याबरोबर जाड्याही आत गेला तर हरली. वेल्डरने सुटकेचा निःश्वास टाकला, कारण या हॉलमध्ये असा बॉल कोणी सरळ मारत नाही. सरळ मारला तर जाड्या काळ्याच्या मागोमाग चालत जाऊन पडतो. काळ्याला थोडं बाजूने घासायचं, तो पॉकेटच्या कडेने आत जातो आणि जाड्या टेबलाच्या कडेच्या रबराला लागून बाहेर राहतो. खोक्यावर उभं राहणाऱ्या पोरीलाही हे यायचं.

ताई वाकली. काठी बोटांवर ठेवली. आणि तिला उद्याची सकाळ दिसली. ओली चादर, ती ओढताना बाबांचा आरडाओरडा, मनगटावरची त्यांची घट्ट पकड, मग मोरीत धुणं, मग पुन्हा दुपार, पुन्हा रात्र. आपण थकलोय, तिला वाटलं. मग वाटलं, नाही, नुसतं थकलो असतो तर बरं होतं. मला हा माणूस नकोसा झालाय. ही गोष्ट तिने आजवर कोणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नाही. तोंडाने ती सांगता येणारच नव्हती.

तिने काळा सरळ मारला.

काळा गेला. जाड्या मागून सावकाश चालत राहिला, पॉकेटच्या तोंडाशी जरा रेंगाळला आणि आत पडला. टेबलाच्या पोटात तो घरंगळताना ऐकू आला आणि खालच्या कप्प्यात येऊन थांबला.

मग बारक्याने कप्प्यातून जाड्या काढला, शर्टाला पुसला आणि टेबलावर ठेवला. त्याचे डोळे भरले होते. जिंकलेला माणूस असा दिसत नाही.

"ताई, हात सुटला तुझा. हा धरायचा नाही. नाणं टाकून काळा बाहेर काढतो, परत लाव, पुन्हा मार."

वेल्डरने जोरात मान हलवली. "साक्षीदाराचीही हरकत नाही."

बारक्या काठी पुढे करून उभा होता. नुसती घ्यायची होती, वाकायचं होतं, थोडं बाजूने घासायचं होतं, बाबा घरी राहिले असते. ताईने काठीकडे पाहिलं. तिचा हात वर आला नाही.

"नको," ती म्हणाली. "टेबलावर ठरलं ते ठरलं."

बारक्या तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं. त्याने काठी हळूच भिंतीला टेकवली आणि पाठ फिरवली, तिला आपलं तोंड दिसू नये म्हणून की तिचं आपल्याला, कोण जाणे.

तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले. बटण सोडून दिलं होतं. पाय ओढत ते टेबलाशी आले, जाड्या तळहातावर घेतला, वजन पाहिलं, आणि किती तरी महिन्यांत नव्हता असा स्वच्छ, जुना आवाज त्यांच्या तोंडून आला.

"या बाईंना खेळायला कोणी शिकवलंय?" त्यांनी वेल्डरला विचारलं. "जाड्या सरळ मारतात." मग ताईकडे वळून, नव्या गिऱ्हाइकाशी बोलावं तितक्या अदबीने म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पहिल्यांदा सगळ्यांचं चुकतं. आमची ताई वर असेल, तिला हाक मारा. ती दाखवेल तुम्हाला. तिचा नाही कधी असा जात."

"बोलावते," ताई म्हणाली.

ती जिना चढून वर गेली आणि बाबांचे कपडे बॅगेत भरायला लागली.