एकच ग्लास

शनिवारी दुपारी दार वाजलं तेव्हा तो शर्टाला इस्त्री करत होता. दार उघडलं तर समोर वहिनी. दादा गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत ती या घराची पायरी चढली नव्हती. कुणाच्या लग्नाकार्यात भेट झाली तर "बरं आहे ना भाऊजी?" एवढं विचारायची आणि पुढे व्हायची.

आत येऊन ती खुर्चीत बसली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि हातातली पिशवी ओट्यावर रिकामी केली. दोन काकड्या, पुदिन्याची जुडी, लिंबं, सोड्याची बाटली आणि जिनची एक सीलबंद बाटली.

"त्या दिवशी तुमच्या दादांना केलं होतंत ना, ते करा," ती म्हणाली. "जसंच्या तसं. मला बघायचंय."

त्यानं जाऊन आधी इस्त्री बंद केली.

एके काळी तो मोठ्या हॉटेलात बार सांभाळायचा. त्याच्या हाताला चव होती. दादा मात्र जमिनीची मोजणी करणारा, उन्हातान्हात फिरणारा माणूस. धाकट्याच्या कामाला तो गमतीनं 'पाणी ढवळणं' म्हणायचा. त्या रविवारी दादा सकाळीच आला होता. वहिनी लेकीला घेऊन माहेरी गेली होती, त्या दोघींना आणायला तो गाडीनं जाणार होता. वाटेत भावाकडे डोकावला, एवढंच. धाकट्यानं हौसेनं काकडी-पुदिन्याचं नवं कॉकटेल करून दिलं. दादानं निघण्याआधी बायकोला फोन केला, "एकच ग्लास घेतलाय गं, तुझी शपथ." तासाभरात वळणावर उभ्या असलेल्या ट्रकवर त्याची गाडी आदळली. रक्तात दारू बरीच निघाली. धाकट्यानं सगळ्यांना सांगितलं, "मी एकच माप घातलं होतं." मग लोकांनी आपापला हिशोब जुळवला. दादा वाटेत कुठेतरी थांबून आणखी प्यायला असणार. पुढच्याच महिन्यात धाकट्यानं बार सोडला आणि त्याच हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या कोठीवर काम मागून घेतलं. भावाचं दुःख जिव्हारी लागलं, असं लोक म्हणाले. त्यानंही म्हणू दिलं.

"आत्ताच का, वहिनी?"

"मागच्या आठवड्यात आमच्या लॅबमधल्या बाईंचा निरोपसमारंभ होता. तिथं असंच काकडीचं काहीतरी प्यायले. सरबत म्हणूनच प्यायले. उठायला गेले तर पाय जागेवर नाहीत." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "तेव्हापासून झोप नाही मला. करा तुम्ही."

त्यानं हात धुतले. काकडीचं टोक कापून ते कापल्या जागी गोल गोल घासलं, पांढरा फेस पुसून टाकला. सालाची एक लांब पट्टी काढून बाजूला ठेवली, बाकीची काकडी सोलली. चकत्या ग्लासात घालून बत्त्यानं हलकेच दाबल्या. पुदिन्याची पानं तळहातावर ठेवून दुसऱ्या हातानं एकच थाप मारली.

"ठेचत का नाही?" वहिनीनं विचारलं.

"ठेचला तर कडवटपणा उतरतो. थापेनं नुसता वास सुटतो."

आपला आवाज एवढा सरळ कसा निघाला, याचं त्यालाच नवल वाटलं. लिंबू पिळलं, साखरेचा पाक घातला. मग वरच्या फळीवरच्या डब्यातून डमरूसारखं स्टीलचं माप काढलं. नऊ वर्षांत ते टाकून द्यायचं धाडस काही झालं नव्हतं. बाटलीचं सील फोडलं आणि एक माप भरून ग्लासात ओतलं.

इथं थांबता आलं असतं. सगळ्यांना सांगितलं होतं तेवढंच झालं होतं. वर बर्फ, सोडा आणि विषय संपला. वहिनी त्याच्या हाताकडे बघत होती. लॅबमध्ये थेंब थेंब मोजणारी बाई ती.

"दादानं एक घोट घेतला," तो म्हणाला, "आणि हसला. म्हणाला, हे तर सरबत आहे रे, यासाठी पगार देतात तुला? मला राग आला. म्हटलं, दे इकडे, जरा नीट करून आणतो."

त्यानं दुसरं माप ओतलं. मग तिसरं. चौथं भरताना थोडी जिन ओट्यावर सांडली. त्यानं ती पुसली आणि माप पुन्हा काठोकाठ भरून ओतलं.

"चार?" वहिनीनं विचारलं.

"चार. आणि कळू नये म्हणून पाक आणि लिंबू वाढवलं. ते आमचं कसबच. त्यानं उपाशी पोटी सगळा ग्लास संपवला. म्हणाला, आता कसं, आता जमलं."

त्यानं तसाच पाक आणि लिंबू वाढवलं, बर्फ घातला, सोडा ओतला, सालाची पट्टी आत सोडली आणि ग्लास तिच्यासमोर सरकवला. तिनं एक घोट घेतला. तोंडात घोळवला. मग दुसरा. तिसरा डोळे मिटून घेतला.

"कळत नाही," ती शेवटी म्हणाली. "काही म्हणता काही कळत नाही."

"वहिनी, मी..."

"थांबा. ते खोटं बोलले नव्हते." तिनं ग्लास ओट्यावर ठेवला. "एकच ग्लास घेतला होता त्यांनी. माझी शपथ घेतली, ती खरी होती. आणि मी नऊ वर्षं त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पोरीसमोर घातल्या! ती बापाचं नाव काढत नाही घरात."

ती खाली फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडली. जवळ जायला त्याचा पाय उचलेना. कोणत्या तोंडानं जाणार?

रडणं ओसरल्यावर तिनं नळाखाली तोंड धुतलं आणि ग्लास मोरीत ओतून दिला. "चला," ती म्हणाली. "हे पोरीला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

वहिनीच्या घरापर्यंत दोघं चालतच गेले. पुतणी एकोणीस वर्षांची, टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. माप, राग, पाक, आणि नंतरचं खोटं. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, आधी का नाही सांगितलंत?"

"घाबरलो."

"कुणाला? आम्हाला?"

तो टेबलावरच्या पुस्तकांकडे बघू लागला.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली.

तो गेला. पुढचे दहाबारा दिवस कोठीत चादरी मोजताना त्याची गणती सारखी चुकत राहिली, पण रात्री झोप मात्र लागू लागली, आणि झोप लागते याचीही त्याला लाज वाटे. मग एका दुपारी वहिनीचा फोन आला.

"काल जेवताना पोरगी म्हणाली, बाबा दाढी करताना शिट्टी वाजवायचे ना गं? मग तासभर आम्ही त्यांच्याबद्दलच बोलत होतो."

"आणि माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल ती काही बोलली नाही, भाऊजी. मलाही अजून काही बोलता येत नाही."

"बरं," तो म्हणाला. तिनं फोन ठेवला, तरी तो कानाशी धरून तसाच उभा राहिला.