प्रत्येक माशाला घेणारा

लॅव्हॉन प्रिबिलने बावीस वर्षांत एकदाही कार्प मासे मारायची स्पर्धा जिंकली नव्हती, आणि याची आठवण तिला कुणी करून द्यायची गरज नव्हती. तरी तिचा नवरा एमेट दर मे महिन्यात, बोट ट्रेलरवर बांधता बांधता, ती न चुकता करून द्यायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं रोज चारशे पोरांना जेवू घालून ती निवृत्त झाली होती. एवढ्या तोंडांना पुरून उरलेली बाई नवऱ्याच्या एका तोंडाला थोडीच भिणार होती?

या वर्षी मात्र जिंकण्याहून मोठी गोष्ट पणाला लागली होती, आणि ती तिनेच लावली होती.

झालं होतं असं. बेकमन तळ्यावर बोट उतरवायला एकच धक्का, आणि तो म्हाताऱ्या ऑरिन स्टँगलच्या जमिनीवर. मे महिन्यात तळं फुगून कडेच्या कुरणात शिरतं, आणि गुडघाभर पाण्यात कार्प अंडी घालायला येतात. बाहेरून आणून सोडलेली ही जात. तळ उकरते, पाणी गढूळ करते, बदकांच्या वाट्याचं गवत मुळासकट उपटते. त्यांना धनुष्यबाणाने मारण्यात पाप कुणालाच वाटत नाही, आणि लॅव्हॉनलाही वाटत नव्हतं. मारल्यानंतर जे व्हायचं त्याची तिला लाज वाटायची. वजन झालं, मासे गवतावर रांगेने मांडले, विजेत्याने त्यांच्यामागे गुडघे टेकून फोटो काढून घेतला, की सगळे घरी. ढिगाचं काय? कुणीतरी बघेल. गेल्या वर्षी त्या कुणीतरीने अख्खा ढीग स्टँगलच्या चरात ओतला. आठवडाभराने वाऱ्याची दिशा फिरली आणि म्हाताऱ्याने फाटकाला साखळी घातली.

लॅव्हॉन त्याच्याकडे रुबार्बचे आंबट देठ भरलेली गोड पेस्ट्री घेऊन गेली. म्हाताऱ्याने दोन तुकडे खाल्ले, आणि मग बोलला. वास त्याने सोसला असता, डुकरं पाळण्यात जन्म गेला होता त्याचा. पण त्या ढिगात त्याला चार बफेलो सापडले होते. बफेलो हा इथला मूळचा मासा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वरून पाहिलं तर थेट कार्पसारखा, फरक एवढाच की कार्पला मिशा असतात आणि बफेलोला नसतात. शंभर वर्षं जगतो.

"माझ्याहून वयाने मोठा असेल त्यातला एखादा," स्टँगल म्हणाला. "आणि तो माझ्या चरात कुजत पडला. का? तर कुणाला त्याचं तोंड बघायला सवड नव्हती."

तिने शब्द दिला. एकही बफेलो मरणार नाही, आणि संध्याकाळी पाच वाजता तुमच्या जमिनीवर माशाचा खवलासुद्धा दिसणार नाही. स्टँगल म्हणाला, ठीक, एक दिवस देतो. पाचला येईन. काही दिसलं तर साखळी कायमची.

मग तिने धनुष्यबाणवाल्यांच्या क्लबच्या बैठकीत दोन नियम मांडले. मिशी दिसल्याशिवाय बाण सोडायचा नाही. आणि ज्या माशाला घेणारा आहे, त्याच माशाचं वजन धरायचं. मासा कुणाच्या तरी गाडीत, कुणाच्या तरी नावावर चढला, तर तो मोजायचा. जमिनीवर राहिला तर तो मारलाच नव्हता असं समजायचं. यावर जी कुरकुर झाली ती काय सांगावी! सगळ्यात मोठा आवाज ड्वेन रास्कचा. ड्वेन पाच वेळचा विजेता, मनाने वाईट नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. आम्ही शिकारी आहोत की कोळणी, असं त्याने विचारलं. लॅव्हॉनने शांतपणे सांगितलं, कोळणींना त्यांचा मासा कुठे जातो ते ठाऊक असतं. नियम दोन मतांच्या फरकाने पास झाले, आणि नोंदींची वही तिच्याच गळ्यात पडली.

हिवाळाभर ती फोनवर होती. मासे धुरावर भाजणारा एक दुकानदार, भोपळ्याची शेती करणारी बर्निस, शहरातून येणारा पाओ शाँग आणि त्याचे चुलतभाऊ, ज्यांच्या घरी कार्पचं कालवण असं होतं की एमेटने एकदा तीन वाट्या ओरपल्या होत्या. आपल्या माशांना तिने घेणारे आधी शोधले आणि मग धनुष्याची दोरी बदलली.

स्पर्धेचा दिवस लख्ख उजाडला. वारा नाही, ढग नाही, आणि कुरणातल्या पाण्यात कार्पची नुसती धुमश्चक्री. लॅव्हॉन बोटीच्या नाकावर उभी, एमेट मागे लांब बांबूने बोट ढकलतोय. बाणाला दोरी, दोरी धनुष्यावरच्या चरखीला. पाणी खोटं बोलतं, मासा असतो त्याहून वर दाखवतं. म्हणून नेम खाली धरायचा, आणि मग आणखी थोडा खाली. हे तिला बावीस वर्षांत हाडीमांसी भिनलं होतं. लागला मासा की ओढून घ्यायचा, डोक्यात दांडक्याचा एक घाव, की संपलं. तडफडत ठेवायचा नाही. अडीच वाजेपर्यंत एकतीस झाले. इतके तिने उभ्या आयुष्यात एका दिवशी मारले नव्हते. एमेटची टवाळी बंद पडली होती, आणि तो गप्प झाला की प्रकरण गंभीर असतं.

तीन वाजायला दहा मिनिटं होती. तीनला बाण खाली. तेवढ्यात पाण्यातल्या बोरूच्या गवताच्या कडेला एक पाठ वर आली, पिठाच्या पोत्याएवढी रुंद.

लॅव्हॉनने धनुष्याची दोरी कानापर्यंत ओढली. गढूळ पाण्यात पाठ दिसत होती, पर दिसत होता, तोंड बोरूत. एमेटने बांबू रोवून बोट थोपवली.

"सोड," तो पुटपुटला. "तीस पौंडांचा आहे. सोड, लॅव्हॉन."

"मिशी दिसत नाही."

"अगं, कार्पच आहे तो."

"तुला दिसली मिशी?"

एमेटला दिसली नव्हती. तिचे दंड थरथरायला लागले. एकसष्टाव्या वर्षी ताणलेलं धनुष्य धरून उभं राहणं म्हणजे काय, ते ज्याचे खांदे दुखतात त्यालाच कळावं. वीस बोटींत या क्षणी कुणीच तिच्याकडे पाहत नव्हतं. सोडला असता, तर कुणी विचारायलाही आलं नसतं. तिने सावकाश दोरी ढिली केली. खांद्यातली कळ मनगटापर्यंत उतरली. आणि मासा वळला, बोरूतून तोंड बाहेर काढलं, दोन्ही बाजूंच्या लांबलचक पिवळट मिशा झोकात मिरवल्या, आणि शेपटीच्या एका फटक्यात खोल पाण्यात निघून गेला.

एमेटने बांबू उपसून बोट धक्क्याकडे वळवली. मग म्हणाला की शाळेत तू मुख्याध्यापकांच्या मिशीलासुद्धा एवढा मान दिला नव्हतास. लॅव्हॉनला हसू फुटलं, पण नजर खोल पाण्यावरून हटेना. तो मासा तिचा होता.

धक्क्यावर वजनं सुरू झाली. एकाही टबात बफेलो नव्हता. तिने स्वतः प्रत्येक मासा उलटापालटा करून पाहिला, आणि अर्धा शब्द पाळला गेल्यावर तिला जरा मोकळा श्वास आला. तिचे एकतीस मासे चारशे दोन पौंड भरले. पाओ शाँगच्या भावंडांनी आणि धूरवाल्याने ते बर्फात घातलेसुद्धा. ड्वेनचे चौतीस, चारशे तीस पौंड. बाकी बोटी फार मागे होत्या.

ड्वेनने सवयीने मासे गवतावर रांगेत मांडले, फोटो काढून घेतला, आणि मग इकडेतिकडे बघायला लागला. त्याचा मामेभाऊ येणार होता, सापळ्यांना आमिष म्हणून सगळे मासे न्यायला. साडेतीन वाजले, चार वाजले. शेवटी फोन आला की त्याचा फ्रीजर भरलाय, यंदा नको. ड्वेनचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बाकी सगळ्यांच्या गाड्या भरत होत्या, आणि त्याची चौतीस माशांची देखणी रांग उन्हात चमकत पडली होती.

एमेटने लॅव्हॉनला ट्रकच्या मागे ओढलं. त्याने मनातल्या मनात गणित केव्हाच केलं होतं.

"नियम तुझाच आहे," तो म्हणाला. "घेणारा नाही, तर वजन नाही. तू जिंकलीस, बाई."

"आणि पाचला म्हातारा येईल तेव्हा ते गवतावरच असतील."

"ते ड्वेनचं पाप. तुझं काय?"

लॅव्हॉनने वही उघडली. बावीस वर्षं म्हणजे थोडाथोडका काळ नाही. 'विजेता' या शब्दाखाली आपलं नाव कसं दिसेल, ते तिने वहीच्या कोऱ्या पानावर कितीदा पाहिलं होतं. पण शब्द तिने दिला होता, ड्वेनने नाही. साखळी लागली असती तर एकट्या ड्वेनला लागली नसती. तिने वही एमेटच्या हातात कोंबली आणि ती तरातरा निघाली, स्वयंपाकघरात चारशे ताटं वाढायची राहिली असताना निघायची तशी.

पाओ शाँगला तिने विचारलं, आणखी किती मावतील? त्याने भावाशी दोन शब्द बोलून पुढची सीट मोकळी केली, दहा घेतले. भाऊ मागे माशांच्या पेट्यांवर बसून जाणार होता. धूरवाल्याने कटकट करत पाच घेतले. बर्निस भोपळ्यांच्या आळ्यांत पुरायला आठ म्हणाली, त्याहून एकही जास्त नाही, कोल्हे उकरतात. तेवीस झाले. ड्वेन एकेक मासा उचलून गाडीत टाकत होता आणि तोंडातून ब्र काढत नव्हता. शेवटी गवतावर अकरा उरले, आणि फाटकातून स्टँगलची जुनी गाडी आत आली. पाचला पाच मिनिटं होती. म्हाताऱ्याचं घड्याळ नेहमी पुढे असायचं.

कुणीतरी सुचवलं की पटकन ताडपत्री टाकू. लॅव्हॉनने त्याच्याकडे असं पाहिलं की तो ताडपत्रीच्या मागेच गेला.

स्टँगल काठी टेकत उतरला. चर पाहिला, बोरूची कड पाहिली, काठीने गवत बाजूला सारून पाहिलं. मग अकरा माशांसमोर येऊन उभा राहिला. वाकून एकेकाचं तोंड पाहिलं. प्रत्येकाला मिशा होत्या.

"बफेलो नाहीत," तो म्हणाला. "पण हे काय?"

"हे तुमचे," लॅव्हॉन म्हणाली.

"माझे?"

"मिस्टर स्टँगल, माझी यादी संपली. एकच माणूस असा उरलाय ज्याच्याकडे जमीन आहे, ट्रॅक्टर आहे आणि ज्याला अजून विचारलेलं नाही. तुमचा मका हातभरसुद्धा वर आलेला नाही. ओळींमध्ये खोल पुरले तर कोल्हे काढणार नाहीत. घेता?"

एमेटने डोळे मिटून घेतले. ज्याला मासा दिसायला नको होता, त्याच्याच गळ्यात मासे घालणारी बाई त्याने आजवर पाहिली नव्हती, आणि चाळीस वर्षं तो तिच्याशी संसार करत होता. स्टँगल तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या छातीतून खरखर आवाज यायला लागला. त्याला काही झालं की काय म्हणून ड्वेन पुढे सरसावला, पण म्हातारा हसत होता.

"माझ्या बापाने दुष्काळात कार्प पुरून मका काढला होता," स्टँगल म्हणाला. "मी लोकांना सांगत नाही, कारण खड्डे मी खणले होते, आणि ते आठवलं की अजून पाठ दुखते. आता माझ्याने होणार नाही."

"खड्डे मी खणतो," ड्वेन म्हणाला.

कुणी त्याला सांगितलं नव्हतं. त्याची मान लालबुंद झाली होती, पण फावडं त्याने गाडीतून काढलं होतं.

पाचच्या ठोक्याला लॅव्हॉनने वही परत घेतली. तिने लिहिलं, ऑरिन स्टँगल, अकरा. मग बेरीज केली. चारशे तीस आणि चारशे दोन. तिने दोनदा तपासली, कारण आशा वेडी असते. मग टबावर उभं राहून मोठ्या आवाजात जाहीर केलं की ड्वेन रास्क सहाव्यांदा जिंकला, आणि तिचा आवाज कुठेही अडखळला नाही. टाळ्या पडल्या. ड्वेनने टोपी काढली, आणि टाळ्यांकडे पाठ करून ती तिच्या दिशेने हलवली. मग टाळ्या थांबेचनात. पाओ शाँग शिट्ट्या मारत होता, आणि धूरवाला, जो कधी कशाला बरं म्हणत नाही, तोही गाडीचं दार बडवत होता. लॅव्हॉन टबावरून खाली उतरली. आपण हरलो आहोत हे तिला पक्कं माहीत होतं, आणि इतकं जिंकल्यासारखं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

स्टँगलच्या ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीत अकरा कार्प चढले, त्यांच्यावर पाच नव्हे, आता सहा वेळचा विजेता फावडं घेऊन बसला. सगळा क्लब रस्त्यापर्यंत मागे चालत गेला. मक्याच्या शेताच्या वळणावर म्हाताऱ्याने ट्रॅक्टर थांबवला, मागे वळून पाहिलं आणि लॅव्हॉनला हाक मारली.

"पुढच्या वर्षी तारीख आधी कळव," तो म्हणाला. "पेरणी तुमच्या नंतर करीन. आणि मला अकरा पुरायचे नाहीत. पन्नास धर."

लॅव्हॉनने तिथेच, रस्त्यात उभ्या उभ्या, वहीचं पुढचं कोरं पान उघडलं आणि सगळ्यात वर पहिलं नाव लिहिलं, ऑरिन स्टँगल, पन्नास.