दोन्ही बाजूंना एकच नाव

अकराव्या चिठ्ठीपाशी टायपिस्टबाईंची बोटं थबकली.

आधीच्या दहा चिठ्ठ्या दहा वेगवेगळ्या घरांतल्या होत्या. अकरावीवरचं अक्षर मात्र त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांच्या नवऱ्याचं. आणि चिठ्ठीवर नाव होतं त्यांच्या लेकीचं, बबीचं. लाडाचं नव्हे, पाळण्यातलं, पूर्ण.

दर शुक्रवारी दुपारी चर्चच्या छोट्या ऑफिसात बसून बाई रविवारच्या उपासनेचं पत्रक टाइप करत. बावीस वर्षं झाली होती. लोक उपवासकाळात तोंड बारीक करून बसलेले असत, तेव्हा बाईंच्या हातून पुनरुत्थानाची गाणी टाइप होऊनही गेलेली असत. येता रविवार चर्चच्या वर्षातला शेवटचा. त्या दिवशी देवाघरी गेलेल्यांची नावं वाचायची, प्रत्येकासाठी एक मेणबत्ती लावायची; ती नावं घराघरांतून चिठ्ठ्यांवर येत. पुढच्या रविवारपासून आगमनकाल, नाताळची वाट पाहण्याचे दिवस.

बबी देवाघरी गेल्याचं कुणीही सांगितलेलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी, सव्विसाव्या वर्षी, ती सकाळच्या ड्यूटीला म्हणून घरातून निघाली आणि हॉस्पिटलात पोचलीच नाही. पोलीस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाले, शवागारात जाऊन परक्यांचे चेहरे बघून झाले. पहिल्याच रविवारी बाईंनी पत्रकाच्या मागच्या बाजूला, ‘विशेष प्रार्थना’ या सदरात तिसऱ्या ओळीवर तिचं नाव घातलं. वरची-खालची माणसं बरी होऊन यादीतून गेली, काही मरून पुढच्या बाजूच्या मृतांच्या यादीत गेली. बबी तिसऱ्या ओळीवरच राहिली.

बाईंनी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि तडक घर गाठलं. नवरा खिडकीपाशी बसला होता. आयुष्यभर बसच्या गॅरेजात फिटर म्हणून राबलेला माणूस; आता खुर्चीपासून मोरीपर्यंत जाताना दोनदा थांबत होता.

“ही तुम्ही टाकलीत?”

“हो.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर टाकू दिली असतीस?”

“ती गेली हे तुम्हाला कुणी येऊन सांगितलं?”

“कुणी नाही. कुणीतरी सांगेल म्हणून तर सात वर्षं थांबलो.” त्याने श्वास घेतला. “डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंयस. माझ्याकडे आता फार दिवस नाहीत गं. मला एकदा तिच्यासाठी रडायचंय. चारचौघांत, रीतसर. अजून कडी वाजली की धडपडत उठतो मी. नाही झेपत.”

“आणि ती आली तर?”

“आली तर म्हणावं, बापाच्या थोबाडीत दे एक.”

तो हसायला गेला आणि खोकल्याची उबळ आली. बाईंनी पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

शनिवारी सकाळी बाई ऑफिसात गेल्या आणि मृतांच्या यादीत अकरावं नाव टाइप केलं. मग पत्रकाची मागची बाजू उघडली. तिसऱ्या ओळीवरचं नाव होतं तसं ठेवलं आणि ऐंशी प्रती काढल्या.

रविवारी पाळकसाहेबांनी एकेक नाव वाचलं. एकेका घरातलं माणूस उठून वेदीपुढे जात होतं. आपण जागचं हलायचं नाही असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. अकरावं नाव आलं. फिटर उठला, दोन पावलं चालला आणि बाकाची कड धरून उभा राहिला. बाई उठल्या, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला पुढे घेऊन गेल्या. काडी वातीला लागेना. बाईंनी त्याचं मनगट धरलं. वात पेटली तसा तो माणूस भोकाड पसरून रडला. बाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. पत्रकाची बाजू कधी उलटते याकडे त्यांचा जीव लागला होता.

विशेष प्रार्थना सुरू झाल्या. पहिलं नाव. “प्रभू, आमची विनंती ऐक,” सगळे म्हणाले. दुसरं नाव. “प्रभू, आमची विनंती ऐक.” बाईंनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

पाळकसाहेबांनी चौथं नाव वाचलं.

“तिसरं,” बाई म्हणाल्या. पण तेवढ्यात सगळ्यांनी “प्रभू” म्हणून सूर लावला होता, आणि शेजारच्या बाकालाही काही ऐकू गेलं नाही.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारात उभे होते. वर्षभरापूर्वीच आलेले, तरुण, मनाने चांगले. ते वाकून हळूच म्हणाले, “मावशी, मागच्या बाजूला ताईंचं नाव चुकून तसंच राहिलं होतं. बरं झालं, वेळेवर लक्षात आलं माझ्या.”

बाईंनी शेजारी पाहिलं. नवऱ्याचे डोळे सुजले होते, पण चेहरा सैल झाला होता. इतका मोकळा श्वास घेताना त्यांनी त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

“राहिलं असेल,” त्या म्हणाल्या.

मग माणसं आली. सात वर्षं काय बोलावं हे न कळून जी नजर चुकवून निघून जात होती, त्यांना आज शब्द सापडले होते. त्यांनी बाईंचे हात हातात घेतले. “देव तिला शांती देवो.” “सुटली बिचारी.” “तुम्हीच आता स्वतःला सांभाळा.” बाई प्रत्येकाला “हो” म्हणत राहिल्या. कुणीतरी फिटरला बाहेर उन्हात खुर्ची दिली. हळूहळू चर्च रिकामं झालं.

वेदीपाशी दोघी जणी उरल्या होत्या. त्यांनी हिरवं वस्त्र काढलं होतं आणि आगमनकालाचं जांभळं अंथरत होत्या.

“बाई, जरा ते टोक धरता का? इकडे ओढलं जातंय.”

बाईंनी पर्स बाकावर ठेवली आणि टोक धरलं. तिघींनी वस्त्र ताणून सारखं केलं. वर्षभर कपाटात राहून त्याला मधोमध एक घडी पडली होती. बाईंनी तळहाताने ती दाबली. ती पुन्हा वर आली.

“राहू द्या हो,” दुसरी म्हणाली. “रविवारपर्यंत बसेल आपोआप.”

“हो,” बाई म्हणाल्या, आणि तळहात घडीवरून फिरवत राहिल्या.