तीर्थातून उगवलेला चेहरा

पासलीच्या देवळासमोर त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. भातं पोटरीत आलेली, पण कामं तशीच टाकून माणसं आली होती. भोंगवलीहून एक टेम्पो भरून आला होता, शिवऱ्याच्या बायका एसटीने आल्या होत्या. पितृपक्ष लागला होता आणि छायानाथ महाराज मेलेल्या माणसाला कागदावर बोलावतात, ही बातमी भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक मोबाईलवर फिरत होती.

"हा कोरा कागद म्हणू नका!" महाराज गरजले. "हा आत्म्याचा निगेटिव्ह आहे! इथं शास्त्रज्ञांची मती गुंग होते. अमेरिकेतून मला तीनदा फोन आला. मी उचलला नाही!"

महाराजांनी फोन उचलला नाही याचंच लोकांना जास्त कौतुक वाटलं.

कागद सगळ्यांना उलटसुलट करून दाखवला. पांढराफटक. मग महाराजांनी तांब्यातलं तीर्थ ओंजळीत घेतलं आणि कागदावर शिंपडलं. आधी तपकिरी डाग उमटला. त्यातून टोपी आली, मिशी आली, मग दोन डोळे आले आणि थेट गर्दीकडे बघू लागले. कुणीतरी किंचाळलं. पुढं बसलेल्या अंबूबाईंनी दोन्ही हात पसरले.

"माझा बाप! माझा बाप आला गं!"

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या नातीच्या, सुलक्षणाच्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला सांगायचं, क्षणभर तीही घाबरली. आणि त्याच क्षणी तिला एक वास आला. ओळखीचा, आंबूस. कुठला, ते मात्र आठवेना.

सुलक्षणाचं भोरला फोटोचं दुकान होतं. जुने, फाटलेले, वाळवीने खाल्लेले फोटो ती कंप्युटरवर नीट करून द्यायची. या मुलखात घरटी कुणी ना कुणी पलटणीत गेलेलं, त्यामुळे तिच्याकडे सगळ्यात जास्त यायचे ते शिपायांचेच फोटो. टोपी, बिल्ला, पट्टा बघून फोटो कुठल्या काळातला हे ती सांगू शकायची.

फक्त स्वतःच्या घरचा एक फोटो तिला जमला नव्हता. अंबूबाईंचे वडील राणूजी दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले आणि तिथंच कामी आले. अंबूबाई तेव्हा आईच्या पोटात होत्या. बापाची खूण म्हणून एकच फोटो उरला. त्याची काच कधीच फुटली होती. अंबूबाईंच्या आईने आणि पुढे अंबूबाईंनी दर पितृपक्षात त्याच्या कपाळावर ओलं गंध लावलं, ओल्या फडक्याने पुसलं, पुन्हा लावलं. इतक्या वर्षांच्या त्या मायेनं फोटोतला चेहराच पुसून टाकला. खाली चड्डी, पट्टा, काठी धरलेला हात सगळं शाबूत. मानेच्या वर पांढरा कागद.

"मशिनीत घालून तोंड काढ की त्याचं," अंबूबाई म्हणाल्या होत्या.

"आजी, जे कागदावर उरलंच न्हाई ते मी कुठनं काढू? मशीन कुणाचं तरी तोंड चिकटवील. ते तुझ्या बापाचं नसंल."

म्हातारीने फोटो पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला. पण ऐंशी वर्षांत न पाहिलेला चेहरा महाराजांनी एका ओंजळीत दिला, तेव्हा तिने नातीकडे एकदाच वळून पाहिलं. सुलक्षणाला ती नजर झोंबली.

संध्याकाळी महाराज अंबूबाईंच्या घरी आले. देव्हाऱ्यात तो नवा फोटो ठेवला होता. धनाजी, सुलक्षणाचा भाऊ, हात जोडून उभा. महाराजांनी डोळे मिटले आणि आवाज खाली आणला.

"शिपाई उपाशी आहे. पलटणीत शिपायाची जागा रिकामी ठेवत नाहीत. त्याला त्याच्या रक्ताचं माणूस सेवेला हवं." डोळे उघडले ते धनाजीच्या मुलीवर, शिवानीवर. "ही पोरगी. सर्वपित्री अमावस्येला माझ्या मठात येईल. शाळा नाही, सोयरीक नाही, माहेरचा फोन नाही. नाही दिली, तर शिपाई या घरातला एकेक माणूस नेईल."

शिवानी आठवीत होती. तिच्या आईने, रत्नाने, तिला चुलीपाशी ओढून घेतलं. बाहेर काळ्या काचांची गाडी उभी होती. खालच्या वाडीतल्या दोन पोरी गेल्या पितृपक्षात त्याच गाडीतून गेल्या होत्या. मठ घाटाखाली कुठंतरी आहे एवढंच सगळे सांगायचे. नेमका कुठं, हे विचारायची छाती कुणाचीच नव्हती.

"धना, तुजं डोकं ठिकाणावर हाय का?" गाडी गेल्यावर सुलक्षणा कडाडली.

"ताई, म्या डोळ्यांनी बघितलंय. तूबी बघितलंस. उद्या आजीला काय झालं तर?"

रात्रीचं जेवण तसंच झाकून राहिलं. शिवानी मात्र देव्हाऱ्यापाशी बराच वेळ उभी होती.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "खापरपणजोबांच्या टोपीवर हे सिंह हायेत बघ. आपल्या नाण्यावर असत्यात तेच."

सुलक्षणाने फोटो उजेडात धरला. पोरीने बरोबर हेरलं होतं. बिल्ल्यावर अशोकस्तंभाचे सिंह होते. राणूजी गेले तेव्हा देशावर इंग्रजांचं राज्य होतं आणि शिपायाच्या बिल्ल्यावर राजाचा मुकुट असायचा. सिंह आले ते स्वातंत्र्यानंतर. जो माणूस त्याआधीच इटलीच्या मातीत गेला, त्याच्या टोपीवर ते कसे?

तिने नाणं आणि फोटो धनाजीपुढे धरला. धनाजीने तिथल्या तिथं महाराजांना फोन लावला. उत्तर ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"महाराज म्हनत्यात, वर गेल्यावर बढती झाली. बिल्ला बदलला."

सुलक्षणाला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. स्वर्गातसुद्धा सरकारी बढती! पण घरात दुसरं कुणी हसत नव्हतं. ज्याला मानायचंच आहे, त्याच्यापुढे पुरावा ठेवून उपयोग नसतो, हे तिला त्या रात्री कळलं आणि तिला खरी भीती वाटली.

तिने फोटो पुन्हा नीट पाहिला. खांद्यावर, पट्ट्यावर गोल पांढरे ठिपके राहिले होते. तीर्थाचा थेंब जिथं पडला नाही, तिथं शिपाई आलाच नव्हता. आत्मा काय थेंबाथेंबाने येतो? आणि मग तो वास आठवला. सासऱ्यांच्या जुन्या डार्करूमचा वास.

भोरला तिचे सासरे सर्जेराव यांनी सगळं ऐकून आधी हसून घेतलं आणि शिवानीचं नाव निघताच खुर्ची पुढे ओढली.

"अगं, हा तर आमच्या तरुणपणचा खेळ. फोटो आधीच छापायचा. मग एका विषारी औषधात बुडवला की चित्र पांढरं पडतं, कागद कोरा दिसतो. चित्र आतच असतं. वरून हायपोचं पाणी टाकलं की परत काळं होतं. हायपो म्हणजे डार्करूममध्ये फोटो पक्का करायचं औषध. जत्रेत पोरं रमवायला करायचो."

"मामा, आपल्याला एक फोटो तसा करता येईल?"

"कुणाचा?"

सुलक्षणाने खिडकीतून बोट दाखवलं. समोर चौकात महाराजांचा फ्लेक्स लागला होता.

सर्वपित्री अमावस्येला आभाळ भरून आलं होतं. देवळासमोर पहिल्यापेक्षा दुप्पट गर्दी, पण आज कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. काळी गाडी दार उघडं ठेवून उभी होती. शिवानीला नवं लुगडं नेसवून पुढं बसवलं होतं. ते तिला मोठं होत होतं. रत्नाने तिचा हात धरला होता आणि महाराजांचा माणूस तो सोडवत होता.

सुलक्षणा आजीजवळ जाऊन बसली. "आजी, पोरगी जायच्या आधी बापाला एकदा विचारून घे. तूच विचार. हा कागद घे, तूच तीर्थ शिंपड."

महाराज चपापले. "कागद सिद्ध केलेला लागतो! परक्या हाताने आत्मा भडकेल!"

"परका हात?" अंबूबाई उठल्या. "म्या त्याची लेक हाय. माज्या हातानं न्हाई आला, तर तुमच्या हातानं कसा आला?"

"शिंपडू द्या की म्हातारीला!" गर्दीतून आवाज आला. मग आणखी चार आवाज आले. अंबूबाईंनी महाराजांचाच तांब्या उचलला आणि तीर्थ कागदावर टाकलं.

तपकिरी डाग उमटला. माणसांनी हात जोडले. डागातून दाढी आली. रुद्राक्षांची माळ आली. टिळा आला. मग हसरे, गुबगुबीत गाल आले.

कागदावर छायानाथ महाराज होते.

जोडलेले हात तसेच राहिले. अंबूबाईंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा महाराजांकडे.

"म्हाराज," त्यांनी विचारलं, "तुमी कवा वारला?"

पहिला हसला तो भोंगवलीचा टेम्पोवाला. मग कुणाला आवरेना. त्या हशात सुलक्षणाने पायरीवर उभं राहून सगळं फोड करून सांगितलं: आधी छापलेला फोटो, विषारी औषध, तांब्यातलं हायपो, थेंबांचे ठिपके, नाण्यावरचे सिंह. दुसऱ्या तांब्यात नळाचं पाणी घेऊन तिने ते महाराजांच्याच उरलेल्या कागदांवर शिंपडलं. कुणीही आलं नाही. तीर्थ टाकलं तेव्हा त्यातून तिघे निघाले. मंत्र कुणी म्हटलाच नव्हता.

"प्रश्न विचारला की भडकतो तो आत्मा नसतो, लबाड असतो," ती म्हणाली. "पोरगी मागितली, तर आधी पत्ता मागा. चमत्कार दाखवला, तर दुसऱ्याच्या हातानं करून दाखवा म्हणा. एवढं विचारलं असतं, तर खालच्या वाडीच्या दोन पोरी आज घरी असत्या."

त्यावर हसू थांबलं. गाडी निघायच्या बेतात होती. धनाजी तिच्यापुढं आडवा उभा राहिला. पोलीस आले आणि महाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. एक पोरगी सापडली, ती अजून कुणाशी बोलत नाही. दुसरीचा तपास चालू आहे. तिच्या आईला आता कुठला चमत्कार नको, फक्त फोन यायला हवा.

त्या अमावस्येच्या संध्याकाळी अंबूबाईंनी देव्हाऱ्यातून तो बढतीवाला शिपाई खाली काढला आणि आपला जुना, बिनचेहऱ्याचा फोटो जागेवर ठेवला. या वेळी गंध लावलं नाही. फूल फक्त खाली ठेवलं.

"तोंड नसलं तरी ह्योच माजा बाप हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं तोंड लावून घेऊन काय करू?"

मग हातातला अनोळखी शिपाई त्यांनी सुलक्षणापुढे धरला.

"सुले, हाबी कुनाचा तरी बाप आसंल. कुनाच्या घरातनं ढापला आसंल त्या मुडद्यानं. तुला कळतंय न्हवं बिल्ल्यावरनं? ह्याचं घर हुडक."

तो फोटो आता भोरच्या दुकानात, काउंटरच्या वर लावला आहे. खाली शिवानीच्या अक्षरात लिहिलंय: हे आपल्या घरचे आहेत का? नीट बघा, आणि खात्री पटली तरच हो म्हणा.